विश्लेषण : पिंगुळीच्या बाहुल्या, ओसाकाचे ‘बुनराकू’… दोरी पुढे कोणाच्या हातात?

भाईंदरमध्ये लग्नसराईत फेरफटका मारला, तर मंडपाच्या कमानीला लटकणाऱ्या राजा-राणीच्या कठपुतळ्या नजरेस पडतात. शहरात राजस्थानी कुटुंबांची वस्ती मोठी, त्यामुळे ही सजावट ओळखीची. याच मिरा-भाईंदरमध्ये कुडाळ, मालवण, सावंतवाडीहून आलेली कुटुंबेही राहतात. गणपतीला आणि जत्रेला ती गावी जातात, दशावतार रात्रभर जागून पाहतात. मात्र कुडाळला लागूनच असलेल्या पिंगुळी गावात कळसूत्री बाहुल्यांचा अस्सल मराठी खेळ पिढ्यानपिढ्या चालत आला आहे, हे या घरांतल्या तरुणांपैकी किती जणांना ठाऊक असते?

तिकडे जपानमध्ये बाहुल्यांच्या नाटकासाठी सरकारने ओसाका शहरात स्वतंत्र राष्ट्रीय नाट्यगृह बांधले. इकडे पिंगुळीत एका कलावंताने घरच्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभे केले. दोन्हीकडे आज चिंता एकच आहे, शिकायला पुढे कोण येणार?

पिंगुळीत नेमके काय आहे?

मुंबई-गोवा महामार्गावर कुडाळ ओलांडले की पिंगुळी लागते. राऊळ महाराजांच्या मठामुळे हे नाव कोकणाबाहेरही माहीत आहे. याच गावातल्या गुढीपूर वाडीत ठाकर आदिवासी समाजाची वस्ती आहे. बाहुल्या नाचवणे आणि चित्रे दाखवून कथा सांगणे हे या समाजाचे परंपरागत काम.

येथे तीन प्रकार एकत्र नांदतात. पहिला कळसूत्री बाहुल्यांचा. लाकडी बाहुल्यांना दोऱ्या बांधून वरून त्या नाचवायच्या. राजकीय बातम्यांमध्ये ‘कळसूत्री सरकार’ हा शब्द जवळपास रोज वाचायला मिळतो, पण ज्या खेळावरून तो आला तो खेळ पाहिलेला वाचक विरळाच. दुसरा प्रकार चामड्याच्या बाहुल्यांचा. कातडे पातळ करून, कोरून, रंगवून आकृती तयार करतात. पांढऱ्या पडद्यामागे दिवा ठेवतात आणि पडद्यावर पडणाऱ्या रंगीत सावल्यांतून रामायण उभे राहते. कर्नाटकातील ‘तोगलू गोंबेयाट्टा’ आणि केरळातील ‘तोलपावकूत्तू’ ही याच कुळातली भावंडे. महाराष्ट्रात छायाबाहुल्यांची परंपरा टिकली ती सिंधुदुर्गाच्या या कोपऱ्यात.

तिसरा प्रकार म्हणजे चित्रकथी, आणि पिंगुळीचे नाव कलाक्षेत्रात झाले ते मुख्यतः त्यामुळे. साधारण फूटभर उंचीची, त्याहून थोडी लांब अशी कागदी चित्रे. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. एका कथेच्या अशा चित्रांच्या गठ्ठ्याला ‘पोथी’ म्हणतात. वाचायला अक्षर एकही नाही, तरी ती पोथीच. मुख्य कलाकार वीणा घेऊन बसतो, साथीला टाळ आणि हुडूक. चित्र समोर धरायचे, त्यातला प्रसंग गाऊन आणि बोलून सांगायचा, मग पुढचे चित्र. रामायण-महाभारतातील आणि पुराणांतील आख्याने अशा पद्धतीने रात्र रात्र चालत. चित्रांतली पात्रे बहुतेक एका बाजूने दाखवलेली, डोळे मोठे, अंगावरचे दागिने आणि रथाची चाके बारकाईने काढलेली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी जुनी चित्रे पाहायला मिळतात. काही जुनी चित्रे पैठण परिसरात सापडली, म्हणून ही शैली बराच काळ ‘पैठणची चित्रे’ या नावानेही ओळखली जात होती.

हा खेळ तिकिटावर चालत नसे. सावंतवाडीच्या भोसले संस्थानाने ठाकर घराण्यांना गावे आणि देवळे वाटून दिली होती. अमुक देवळाच्या उत्सवात, अमुक रात्री, अमुक घराण्याने खेळ करायचा, हा मान असे. त्या बदल्यात धान्य, नारळ, थोडे पैसे मिळत. म्हणजे प्रेक्षक आवडीने येवोत न येवोत, कलाकाराची रात्र ठरलेली असे. संस्थान गेले, गावगाड्यातली देवाणघेवाण आटली आणि त्याबरोबर ती ठरलेली रात्रही डळमळीत झाली. पुढे सिनेमा आला, घरात टीव्ही आला. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण खेळ मोडकळीला आणणारे पहिले कारण उत्पन्नाचे होते.

या पडत्या काळात ज्यांनी कला धरून ठेवली, त्यांत परशुराम आत्माराम गंगावणे यांचे नाव ठळक. त्यांनी 2006 मध्ये स्वतःच्या गोठ्याचे रूपांतर करून ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय सुरू केले. बाहुल्या, पोथ्या, वाद्ये तेथे मांडली आहेत आणि येणाऱ्यांना खेळही दाखवला जातो. 2021 मध्ये केंद्र सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली, तेव्हा पिंगुळी पुन्हा बातम्यांत आली.

मराठी रंगभूमीशी बाहुल्यांचे नाते काय?

वाटते त्याहून जवळचे. नाटकात ‘सूत्रधार’ हा शब्द रोजचा आहे. सूत्र धरणारा, म्हणजे मुळात बाहुल्यांच्या दोऱ्या धरणारा, आणि संस्कृत नाटकाच्या आधी बाहुल्यांचा खेळ असावा, असा तर्क जर्मन संस्कृत पंडित रिचर्ड पिशेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडला. सगळ्यांना तो मान्य झाला नाही. मापाची दोरी धरणारा सुतार किंवा स्थपती, असाही त्या शब्दाचा अर्थ लागतो. पण बाहुल्यांचा खेळ महाराष्ट्रात जुना आहे, याला ज्ञानेश्वरीचा आधार आहे. ‘साइखडे’ म्हणजे कळसूत्री बाहुले, हा शब्द तेथे दृष्टान्तात येतो. ऐकणाऱ्याने तो खेळ पाहिलेला असेल, असे गृहीत धरल्याशिवाय कोणी असा दृष्टान्त देत नाही.

विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले आणि 5 नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन झाला, हे शाळेत शिकवले जाते. याच भाव्यांनी लाकडी कळसूत्री बाहुल्याही घडवल्या होत्या, हे मात्र बाजूला राहते. या बाहुल्या रामदास पाध्ये यांनी पुढे दुरुस्त करून पुन्हा रंगमंचावर आणल्या.

पाध्ये घराण्याची गोष्ट शहरी आहे. यशवंत केशव पाध्ये यांचा ‘अर्धवटराव’ 1916 चा. शब्दभ्रमाचा हा खेळ त्यांचे पुत्र रामदास यांनी दूरदर्शन, जाहिराती आणि सिनेमापर्यंत नेला. 1993 च्या ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू आठवत नाही असा मराठी माणूस शोधावा लागेल. आता तिसरी पिढीही याच कामात आहे. पाध्ये यांना बाजार मिळाला, पिंगुळीला देऊळ होते तोवर देऊळ मिळाले. कला मात्र दोन्हीकडे एका घराच्या आत राहिली. इथे जपानकडे पाहायला हवे.

‘बुनराकू’ म्हणजे काय?

जपानच्या बाहुलीनाट्याची सुरुवातही फिरत्या कलाकारांपासून आणि देवळांपासून झाली. आवाजी बेटावरचे बाहुलीवाले देवस्थानांच्या आश्रयाने गावोगाव खेळ करत. पुढे ओसाका हे व्यापारी शहर वाढले. 1684 मध्ये ताकेमोतो गिदायू या गायकाने तेथे स्वतःचे बाहुली नाट्यगृह काढले आणि त्याला चिकामात्सु मोन्झाएमोन हा नाटककार मिळाला. जपानी रंगभूमीवर चिकामात्सुचे स्थान फार मोठे आहे, आणि त्याने आपली उत्तम नाटके लिहिली ती लाकडी बाहुल्यांसाठी.

त्याचे ‘सोनेझाकी शिंजू’ हे नाटक 1703 चे. तेलाच्या नाही तर सोयासॉसच्या दुकानातला नोकर आणि कलावंतिणींच्या वस्तीतली एक तरुणी यांनी ओसाकात एकत्र जीव दिला. घटना ताजी असतानाच, महिनाभरात ती रंगमंचावर आली. देवादिकांऐवजी शेजारच्या गल्लीतली माणसे बाहुल्यांच्या रूपाने दिसली आणि कर्जात बुडालेले नाट्यगृह तरले. अशा नाटकांची लाट आली. शेवटी शोगुनच्या राजवटीने 1720 च्या दशकात या विषयावरच्या नाटकांना बंदी घातली.

माणसांचे लोकनाट्य ‘काबुकी’ याच काळातले. त्याची सुरुवात ओकुनी या स्त्रीने क्योतोमध्ये 1603 च्या सुमारास केली. पण 1629 मध्ये स्त्रियांना रंगमंचावर बंदी झाली आणि पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याची परंपरा पक्की झाली. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला हे वेगळे सांगायला नको. अठराव्या शतकाच्या मध्यावर बाहुल्यांची लोकप्रियता इतकी होती की काबुकीवाल्यांनी त्यांची नाटके उचलून माणसांकडून करून घेतली. सत्तेचाळीस सामुराईंची प्रसिद्ध कथा ‘चुशिंगुरा’ 1748 मध्ये आधी बाहुल्यांनी सादर केली, मग काबुकीने. ‘बुनराकू’ हे नाव मात्र नंतरचे. आवाजीहून ओसाकात आलेल्या उएमुरा बुनराकुकेन याच्या नाट्यगृहावरून ते रूढ झाले.

पाहणाऱ्याला सर्वात आधी चकित करते ती एका बाहुलीमागची तीन माणसे. बाहुली दोऱ्यांवर नसते, हातांनी धरलेली असते. उंची एक ते दीड मीटर, वजन काही वेळा दहा किलोच्या आसपास. मुख्य कलाकार डोके आणि उजवा हात सांभाळतो, दुसरा डावा हात आणि तिसरा पाय. ही पद्धत 1734 पासूनची. मुख्य कलाकाराच्या पायात उंच लाकडी खडावा असतात, म्हणजे खाली वाकलेल्या पायवाल्याला जागा मिळते. दोघे सहायक डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यात असतात आणि प्रेक्षकाने ते नाहीतच असे समजायचे असते. दहा मिनिटांत तसे वाटूही लागते. स्त्री-बाहुल्यांना बहुधा पायच नसतात. पायवाला किमोनोचा घोळ बोटांनी असा हलवतो की ती चालल्याचा, गुडघे टेकल्याचा भास होतो.

आवाज बाहुल्यांजवळून येत नाही. रंगमंचाच्या एका बाजूला ‘तायू’ बसतो आणि त्याच्या शेजारी शामिसेन हे तीन तारांचे वाद्य वाजवणारा. म्हातारा, मूल, नायिका, खलनायक, सगळ्यांचे संवाद आणि मधले निवेदन हा एकटा तायू म्हणतो. आवाजाला खालून जोर मिळावा म्हणून तो पोटावर पट्टा आवळतो आणि कपड्यात वजनाची पिशवी ठेवतो. सुरू करण्याआधी संहिता उचलून कपाळाला लावतो. हे वाचताना कीर्तनकार किंवा पोथी सांगणारा चित्रकथी आठवला तर नवल नाही.

शिकण्याचा काळही तसाच लांब. दहा वर्षे पाय, दहा वर्षे डावा हात, मग डोके, असे या कलेत म्हणतात. अर्थात प्रत्येकाला नेमकी वीस वर्षे लागतात असे नाही.

चित्रकथी आणि जपानचा काही संबंध आहे का?

थेट नाही, पण धागा आहे. चित्र दाखवून कथा सांगण्याची पद्धत भारतातून चीनमध्ये आणि तेथून पुढे पसरली, अशी मांडणी अमेरिकी अभ्यासक व्हिक्टर मेअर यांनी 1988 च्या ग्रंथात केली. जपानमध्ये बौद्ध भिक्षू चित्रपट उलगडून धर्मकथा सांगत, त्याला ‘एतोकी’ म्हणतात. भारतातही हा व्यवसाय फार जुना आहे. जैन आगमांत ‘मंख’ म्हणजे चित्रफलक दाखवून भिक्षा मागणारा असा उल्लेख येतो आणि आजीवक पंथाचा गोशाल हा अशाच मंखाचा मुलगा असल्याचे तेथे सांगितले आहे.

एतोकीचा शहरी नातेवाईक म्हणावा असा ‘कामिशिबाई’ हा प्रकार 1930 च्या सुमारास तोक्योच्या गल्ल्यांत आला. सायकलवर लाकडी चौकट, तिच्यात एकामागून एक सरकवायची चित्रे, चित्रांच्या मागे मजकूर. खेळ फुकट असे, पैसे मिळत ते मुलांना गोळ्या-मिठाई विकून. 1953 मध्ये जपानमध्ये टीव्ही आला तेव्हा लोक सुरुवातीला त्यालाच ‘विजेवरची कामिशिबाई’ म्हणू लागले. काही वर्षांत सायकलवाले दिसेनासे झाले. कामिशिबाई आज शाळांत आणि ग्रंथालयांत उरली आहे. पण तिच्यावर पोट भरणारा माणूस गेला.

मग बुनराकू कसे वाचले?

तेही मरणाच्या दारात जाऊन आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘शोचिकु’ या मनोरंजन कंपनीने ते चालवायला घेतले. दुसऱ्या महायुद्धानंतर कामगार संघटनेच्या वादातून कलाकारांचे दोन गट पडले, प्रेक्षक तुटले आणि तोटा वाढत गेला. तेव्हा 1963 मध्ये सरकार, ओसाका शहर व प्रांत आणि ‘एनएचके’ ही सार्वजनिक प्रसारण संस्था यांच्या पाठबळावर बुनराकू मंडळ स्थापन झाले आणि दोन्ही गट पुन्हा एकत्र आले. 1984 मध्ये ओसाकात राष्ट्रीय बुनराकू नाट्यगृह सुरू झाले. ‘युनेस्को’ने 2003 मध्ये या कलेचा गौरव केला आणि 2008 मध्ये ती अमूर्त वारशाच्या यादीत आली.

यात सर्वात दूरगामी पाऊल मात्र 1972 चे होते. राष्ट्रीय नाट्यगृहाने त्या वर्षी बुनराकूचे शिक्षण घराण्याबाहेरच्या तरुणांसाठी खुले केले. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, पूर्ण झाल्यावर गुरूकडे प्रवेश आणि रंगमंचावर काम. कलाकाराच्या पोटी जन्म घ्यावा लागत नाही. आज बुनराकूत काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक कलाकार या मार्गाने आलेले आहेत. काबुकीत घराण्याचे नाव अजूनही फार महत्त्वाचे मानले जाते, त्या मानाने बाहुल्यांचे दार बरेच मोकळे निघाले.

तरीही सगळे आलबेल नाही. 2012 मध्ये ओसाकाचे महापौर तोरू हाशिमोतो यांनी करदात्यांच्या पैशावर चालणारी ही कला प्रेक्षक का खेचत नाही, असा सवाल करत अनुदानाला हात घातला. मोठा वाद झाला आणि अनुदानाचा काही भाग प्रेक्षकसंख्येशी जोडला गेला. हा सवाल अगदीच निराधार म्हणता येणार नाही. जुन्या जपानीतले संवाद आजच्या तरुणाला सहज कळत नाहीत, म्हणून रंगमंचाच्या वर ते अक्षरांत दाखवावे लागतात. पुढे 2023 मध्ये प्रशिक्षणासाठी एकही अर्ज आला नाही. 1972 पासून असे पहिल्यांदाच घडले. या अभ्यासक्रमात मुलगेच घेतले जात आले आहेत, म्हणजे निम्मे संभाव्य शिष्य आधीच वगळलेले. तरुणींच्या ‘ओतोमे बुनराकू’ची परंपरा जपानमध्ये 1920 च्या दशकापासून आहे, पण ती मुख्य प्रवाहाच्या बाहेर.

आपल्याकडे अडते कुठे?

आपल्याकडेही योजना आहेत. राज्य सरकार ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देते. केंद्राची सांस्कृतिक केंद्रे गुरू-शिष्य परंपरेच्या योजनेखाली शिकवणाऱ्याला आणि शिकणाऱ्याला विद्यावेतन देतात. पण मानधनाला वयाची अट आहे. थकलेल्या कलाकाराला आधार मिळतो, तो मिळायलाच हवा, तरी पंचविशीतल्या मुलाने कुडाळच्या दुकानातली किंवा मुंबईतली नोकरी सोडून बाहुली का धरावी, याचे उत्तर त्यात नाही. गुरू-शिष्य योजनेत शिकता येते, पण शिकून झाल्यावर खेळ कुठे करायचा? जपानमध्ये शिकलेल्याला ठरलेले नाट्यगृह आणि वर्षाचे ठरलेले हंगाम मिळतात. पिंगुळीत निमंत्रण येईल तेव्हा खेळ.

दुसरी अडचण नाजूक आहे. पिंगुळीची कला ठाकर समाजाची ओळख आहे, त्यांचा मान आहे. जपानसारखे दार सरसकट उघडले तर चित्रशैली बाहेरचे लोक उचलतील आणि नफा भलत्याकडे जाईल, ही भीती खोटी नाही. चित्रकथीची चित्रे आता भिंतीवर लावण्यासाठी सुटी काढली जातात आणि विकलीही जातात. त्यातून चार पैसे मिळतात हे चांगलेच, पण सुटे चित्र शिकायला वीणा लागत नाही, आख्यान पाठ लागत नाही. चित्र टिकून कथा सांगणारा संपला तर पिंगुळीची गत कामिशिबाईसारखी होईल. म्हणून समाजातल्याच मुला-मुलींना आधी, पुरेशा वेतनावर, गायन आणि बाहुलीकाम दोन्ही शिकवणारी सोय हवी. बाहेरच्यांना प्रवेश द्यायचा की नाही आणि कोणत्या अटीवर, हे ठरवण्याचा हक्क पिंगुळीचाच.

शहरांनाही यात हात लावता येतो. मिरा-भाईंदरमध्ये दहिसर चेकनाक्याजवळ लता मंगेशकर नाट्यगृह उभे आहे. महापालिका वर्षभर महोत्सव आणि सांस्कृतिक कार्यक्रम करतात, त्यात लोककलेच्या नावाखाली बहुधा लावणी आणि कोळीगीतांचा एकत्रित कार्यक्रम होतो. 21 मार्चला जागतिक बाहुलीनाट्य दिन असतो. त्या आठवड्यात पिंगुळीचा रामायणाचा खेळ आणि राजस्थानी कठपुतळी एकाच रंगमंचावर ठेवली, तर भाईंदरच्या दोन्ही वस्त्यांतून प्रेक्षक मिळू शकतो. एखादा प्रयोग पुरणार नाही. दर वर्षी त्याच तारखेला, आगाऊ ठरलेल्या बिदागीवर तो झाला, तर देवळाने पूर्वी जी ‘ठरलेली रात्र’ दिली होती, तिची थोडी भरपाई होईल. छायाबाहुल्यांचा पडदा लहान असतो, हजार खुर्च्यांच्या मागच्या रांगेतून काही दिसणार नाही. त्यामुळे मोठ्या सभागृहापेक्षा शाळेचा हॉल किंवा सोसायटीचे पटांगण या खेळाला अधिक सोयीचे.

गावी जाणाऱ्यांना तर वेगळी वाट काढावी लागत नाही. कोकण रेल्वेच्या कुडाळ स्थानकावर उतरून रिक्षाने पिंगुळीला जाता येते. संग्रहालयात वस्तू कधीही पाहता येतील, पण खेळ पाहायचा असेल तर आधी कळवून जावे. बाहुल्या काढायला, दोऱ्या सोडवायला आणि साथीदार जमवायला वेळ लागतो.